टाचणी लागताच फ्लॅश उडवणारा घरगुती साउंड ट्रिगर

नौपाडेकर (धागालेखक)

पाण्याने भरलेला फुगा फुटलाय, रबर सोलून बाजूला गेलंय आणि आतलं पाणी मात्र अजून फुग्याच्याच आकारात हवेत आहे, असा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यासाठी भारी कॅमेरा लागतो असा समज आहे. प्रत्यक्षात त्यात कॅमेऱ्याला फारसं कामच नसतं. जुना डीएसएलआर, साधा मॅन्युअल फ्लॅश आणि हजार रुपयांच्या आतलं सुटं सामान एवढ्यावर हे ठाण्यातल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये होतं. आमच्याकडे होतंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

मूळ युक्ती अशी. खोली काळोखी करायची, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवायचं. काळोखात सेन्सरवर काहीच उमटत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत कोणीतरी फुग्याला टाचणी लावतं, आवाज होतो, आवाजाने फ्लॅश उडतो आणि त्या एका लखलखाटात जे दिसलं तेवढाच फोटो. म्हणजे इथे शटरस्पीड कॅमेरा ठरवत नाही, फ्लॅश ठरवतो. आवाजाने फ्लॅशऐवजी थेट कॅमेराच उडवला तर काय, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. डीएसएलआरला बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत ५० ते १०० मिलिसेकंद लागतात. तोवर फुग्याच्या चिंध्या जमिनीकडे निघालेल्या असतात.

कल्पना जुनी आहे. एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन १९३०च्या दशकापासून स्ट्रोबवर, म्हणजे क्षणभर लखलखणाऱ्या दिव्यावर, काम करत होते. दुधाच्या थेंबाचा मुकुट हा त्यांचा गाजलेला रंगीत फोटो १९५७चा, आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी १९६४ची. गोळीसारख्या कामांत त्यांनीही माइकच वापरला. त्यांचा फ्लॅश मात्र एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ पेटायचा, तो आपल्या आवाक्याबाहेरचा.

आपल्या आवाक्यात काय आहे ते सांगतो, कारण निम्मं यश इथे आहे. साधा स्पीडलाइट फुल पॉवरला १/२०० ते १/१००० सेकंद पेटलेला राहतो. पॉवर कमी केली की तो मंद पेटत नाही, तो लवकर विझतो. म्हणून १/१२८ पॉवरला हाच फ्लॅश १/२०,००० सेकंदाच्या आसपास येतो. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणारी रबराची कड १/१००० सेकंदात ३ सेंटिमीटर सरकते, १/२०,००० सेकंदात दीड मिलिमीटर. पहिल्यात नुसता धूर दिसतो, दुसऱ्यात रबराच्या कडेवरच्या सुरकुत्या मोजता येतात. तेव्हा फोटो काळा आला तरी पॉवर वाढवू नका, फ्लॅश जवळ आणा. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला अंतराने भागलं की एफ नंबर मिळतो. गाइड नंबर ४०चा फ्लॅश १/६४वर ५ गाइड नंबरचा होतो. अर्ध्या मीटरवर ठेवला तर आयएसओ १००ला एफ/१० मिळतं, आणि एवढं पुरेसं आहे.

सामान म्हणाल तर एक साउंड सेन्सर मॉड्यूल (त्यावर इलेक्ट्रेट माइक, आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला का ते बघणारा एलएम३९३ कम्पॅरेटर आणि ती पातळी ठरवायला स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा निळा प्रीसेट असतो), एक आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एक एमओसी३०२१ ऑप्टोकपलर (उजेडाने चालणारा स्विच, पुढे नुसतं ऑप्टो), २२० ओहमचा रेझिस्टर आणि फ्लॅशखाली बसणारा हॉटशू अ‍ॅडाप्टर. स्टेशनजवळच्या दुकानांत मॉड्यूल आणि उनो सहज मिळतात. ऑप्टो मिळाला नाही तर सरळ लॅमिंग्टन रोड गाठा, ग्रँट रोडला उतरून चालत जाता येतं. जोडणी अशी: मॉड्यूलची डिजिटल पिन उनोच्या पिन २ला, पिन ८वरून २२० ओहम घालून ऑप्टोच्या आतल्या एलईडीला, आणि ऑप्टोची पलीकडची बाजू हॉटशू अ‍ॅडाप्टरच्या दोन तारांना. उनो आणि फ्लॅश यांच्यात तारेचा संबंध राहत नाही, मधे फक्त ऑप्टोच्या पोटातला उजेड. कोडही छोटंच आहे. पिन २ला इंटरप्ट (पिन हलताच बोर्डाला जागं करणारी सोय) लावायचा, आवाज आला की ठरवलेला डिले, मग पिन ८ दहा मिलिसेकंद चालू, आणि मग तीन सेकंद बोर्डाने ठार बहिरं व्हायचं. हा बहिरेपणा सोडू नका. काही मॉड्यूलमध्ये आवाजाला पिन वर जाते, काहींत खाली येते, ते आधी टाळी वाजवून तपासा.

आता ज्यासाठी मी हा धागा काढला तो मुद्दा. नेटवर लोक डिले मेनू, एलसीडी, रोटरी एन्कोडर असं काय काय लावत बसतात. सुरुवातीला यातलं काहीही करू नका. कोडमधला डिले शून्य ठेवा आणि माइक सरकवा. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो, म्हणजे ३५ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद. शिवणाची टेप टेबलावर पसरा, फुगा शून्यावर धरा. माइक २० सेंटिमीटरवर ठेवला तर चीर नुकतीच धावायला लागलेली दिसते. ७० सेंटिमीटरवर रबर बरंच मागे गेलेलं. दीड मीटरवर पाण्याचा गोळा उघडा पडून त्याच्या कातडीवर बारीक लहरी उठलेल्या. प्रत्येक वेळी माइक कुठे होता हे टेपवर डोळ्यांनी दिसतं आणि उद्या तोच फोटो पुन्हा काढता येतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला आवाजाचा वेग हाताने सरकवता येतो, याचा मला अजूनही आनंद होतो.

आणि पाणी खाली का पडत नाही? पडतं की. पण १० मिलिसेकंदांत गुरुत्वाकर्षण त्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली नेतं.

विचारा काय विचारायचं ते.

*

घणसोलीकर

वाखुसा (वाचनखूण साठवली)! पण फोटो कुठायत? नियमाप्रमाणे फोटोशिवाय धागा धरला जाणार नाही.

*

नौपाडेकर

रात्री टाकतो. ऑफिसच्या नेटवरून अपलोड होत नाहीये.

*

सर्किटवेडा

छान लिहिलंय. आयुष्यभर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन केलं, त्यामुळे ऑप्टोबद्दल थोडं बोलतो. इथे बरेच जण अडतील.

एमओसी३०२१ मागायला गेलं की पुष्कळदा काउंटरवर "हे पण चालेल" म्हणून एमओसी३०४१ हातात ठेवतात. दिसायला सारखाच, सहा पायांचा. तो घेऊ नका. ३०४१, ३०६१, ३०६३ हे ऑप्टो झीरो-क्रॉसिंगवाले आहेत, घरातल्या एसी लाइनसाठी बनवलेले. व्होल्टेज शून्याच्या जवळ आलं तरच ते चालू होतात. फ्लॅशच्या सिंक टोकांवर (जी जोडली की फ्लॅश उडतो ती दोन टोकं) डीसी असतं, ते शून्यावर येतच नाही. जुन्या, जास्त व्होल्टेजच्या फ्लॅशवर हा ऑप्टो ढिम्म बसून राहतो आणि माणूस कोडमध्ये दोष शोधत बसतो.

दुसरं, ३०२१ला आतला एलईडी पेटवायला १५ मिलिअँपिअरपर्यंत लागू शकतात, ३०२२ला १०, ३०२३ला ५. धागालेखकांनी २२० ओहम दिलाय तो बरोबर आहे, त्यातून १७च्या आसपास जातात. कोणी सवयीने १ किलोओहम लावला तर ३०२१ कधी उडेल, कधी नाही. ३०२३ मिळाला तर तोच घ्या.

तिसरं, माळ्यावरचा जुना फ्लॅश काढणाऱ्यांसाठी. आजच्या फ्लॅशच्या सिंक टोकांवर पाच-सहा व्होल्टच्या आसपास असतात, पण फिल्मच्या जमान्यातल्या काही फ्लॅशवर २००च्या वर सापडतात. म्हणून ४एन३५ किंवा पीसी८१७ हे ट्रान्झिस्टरवाले ऑप्टो आंधळेपणाने लावू नका, ४एन३५ची मर्यादा ३० व्होल्टची आहे. ३०२१ ४०० व्होल्ट सहन करतो आणि त्याला उलटसुलट टोकांचंही काही नाही. आधी मीटर लावा. असा फ्लॅश नव्या कॅमेऱ्याच्या हॉटशूवर तर कधीच चढवू नका.

आणि फ्लॅश उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या पुढे असतं आणि बॅटऱ्या काढल्यावरही ते बराच काळ टिकतं. हे माणूस मारू शकतं.

*

पांडवकडा

काका, शेवटच्या ओळीने थोडी भीतीच बसली. लेक नववीत आहे, खारघरच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. हे तिच्याकडून करून घेण्यासारखं आहे का? घरात फ्लॅश नाहीये आणि तेवढ्यासाठी विकत घ्यायचा नाहीये.

*

सर्किटवेडा

ताई, नक्की करू द्या, फक्त फ्लॅश वगळून. दोन साउंड मॉड्यूल, एक उनो. दोन्ही माइक एका सरळ रेषेत बरोबर १ मीटर अंतरावर ठेवायचे, एक पिन २ला, दुसरा पिन ३ला. रेषेच्या एका टोकाला टाळी वाजवायची. पहिल्या माइकने आवाज पकडला तेव्हाची वेळ आणि दुसऱ्याने पकडला तेव्हाची वेळ यांतला फरक उनो मायक्रोसेकंदांत देतो, त्याची पायरी ४ मायक्रोसेकंदांची असते. फरक २,८०० ते २,९०० येईल. १ मीटर भागिले तो फरक, की आवाजाचा वेग हातात. मग माइकमधलं अंतर २ मीटर करून फरक दुप्पट होतो का ते तिला स्वतः बघू दे. सगळं पॉवर बँकेवर चालतं, धोका काहीच नाही. टाळीपेक्षा लाकडाच्या दोन ठोकळ्यांचा आवाज जास्त टोकदार असतो, आकडे स्थिर येतात.

*

पांडवकडा

हे फार आवडलं. तिला वाचून दाखवलं, ती आत्ताच टेप शोधायला गेली. मनापासून आभार काका.

*

ट्रान्सहार्बर

माझी अडचण. सगळं जुळलं, फ्लॅश उडतो, पण फोटोत फुगा दोनदा दिसतो. एक अर्धा फाटलेला आणि त्याच्यावरच दुसरी फिकट प्रतिमा, नुसत्या चिंध्यांची. उनो नाही वापरलेला, मॉड्यूलवरून एक ट्रान्झिस्टर टाकून थेट ऑप्टो चालवलाय. फ्लॅश १/१२८वर.

*

नौपाडेकर

तुमचा फ्लॅश दोनदा उडतोय. फुग्याचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. भिंत ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे १७ मिलिसेकंद. फुल पॉवरला फ्लॅशला चार्ज व्हायला काही सेकंद लागतात म्हणून तिथे हे लक्षात येत नाही. १/१२८ला तो जवळजवळ लगेच तयार असतो, त्यामुळे प्रतिध्वनीलाही इमानदारीत उडतो. बोर्डाने तीन सेकंद बहिरं राहायचं ते यासाठीच. पडदे-गाद्या लावून प्रतिध्वनी कमी होईल, पण पक्का इलाज बहिरेपणाचाच.

*

सर्किटवेडा

उनो नको असेल तर मधे ५५५ ही टायमर चिप टाका, मोनोस्टेबल, म्हणजे एका इशाऱ्याला ठरलेला वेळ एकदाच चालू राहणारी. वेळ १.१ गुणिले आर गुणिले सी. १ मेगाओहम आणि २.२ मायक्रोफॅरडला अडीच सेकंदांच्या जरा खाली येते. आउटपुट तेवढा वेळ वरच राहतं, मधे आलेल्या आवाजाने नवी सुरुवात होत नाही, म्हणून फ्लॅशला एकच खबर जाते. एक पथ्य: आउटपुटपासून ऑप्टोपर्यंत थेट जोडू नका, कपॅसिटरमधून छोटा पल्स काढून द्या. नाहीतर ट्रायाक (ऑप्टोच्या आतला स्विच) अडीच सेकंद चालूच राहील आणि काही फ्लॅशना ते मानवत नाही.

*

कासारवडवली

तुम्ही नौपाड्याच्या गल्लीत राहता हो. आमची इमारत घोडबंदर रोडला लागून. रात्री दहानंतर काळोख मिळतो, पण तेव्हाच अवजड गाड्या सुटतात. प्रीसेट कुठेही ठेवला तरी ट्रेलर गेला की फ्लॅश उडतो. पंखासुद्धा बंद करून बसलोय, घामाने निथळतोय. काही उपाय?

*

सर्किटवेडा

ट्रकची घरघर खालच्या पट्टीतली असते, फुग्याचा फटका वरच्या. माइक आणि कम्पॅरेटरच्या मधे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि ग्राउंडला १० किलोओहम घातला की १,६०० हर्ट्झच्या खालचं सगळं कमी होत जातं. पंखा चालू ठेवता येईल. मात्र तयार मॉड्यूलवर हे करायला ट्रॅक कापावा लागतो. सुटा इलेक्ट्रेट आणि एलएम३९३ घेऊन झीरो बोर्डवर (नुसती भोकं असलेल्या सोल्डरिंगच्या पाटीवर) स्वतः जोडलं तर सोपं.

*

नौपाडेकर

कासारवडवली, तुमच्यासाठी आणखी सोपा उपाय: माइक काढूनच टाका. बझरमधली ती पितळी पिवळी चकती मिळते ना, २७ मिलिमीटरची पायझो, ती डबल टेपने टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवा. ती हवेतला आवाज फारसा ऐकत नाही, ज्याला चिकटलीय त्याचा हादरा ऐकते. ट्रक, पंखा, शेजारचा टीव्ही, सगळ्यांपासून सुटका. चकतीच्या दोन टोकांमध्ये १ मेगाओहम आणि ५.१ व्होल्टचा झेनर लावा, कारण जोरात ठोकली तर चकती पाचाच्या खूप वर व्होल्टेज काढते आणि उनोची पिन जाऊ शकते. एरवी हिचा सिग्नल हलका असतो, म्हणून डिजिटल पिनऐवजी अ‍ॅनालॉगवर वाचा. एका वाचनाला ११० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, आपल्या कामाला चालतात.

फुग्यासाठी मात्र चकती तेवढी बरी नाही, फुगा हवेत असतो. आपटणाऱ्या, फुटणाऱ्या, पडणाऱ्या वस्तूंसाठी तिच्यासारखं काही नाही.

*

कोपरीकर

पायझोला जोरदार अनुमोदन. मी नारळ केला आणि त्यावर सविस्तर लिहितो, कारण मला वाटतं परदेशी साइटवर सगळे दिव्याचे बल्ब आणि वाइनचे ग्लास फोडत असतात, आपल्याकडे नारळासारखा विषय कोणाच्या मनात येत नाही.

जुना पाटा गॅलरीत पडून होता तो आत घेतला, खाली गोणपाट, चकती पाट्याच्या कडेला चिकटवली. काळोखात कोयता चालवायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. नारळ दोन्ही हातांनी वरून पाट्यावर आपटायचा, देवळात आपटतो तसा. शेजारच्या खोलीत झीरोचा बल्ब ठेवला, एफ/११ आणि आयएसओ १००ला दोन सेकंदांत त्याचा उजेड फोटोत उतरत नाही, पण पाटा कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

दगडातून हादरा हवेतल्यापेक्षा कितीतरी वेगाने येतो, त्यामुळे अंतराचा डिले इथे मिळतच नाही. डिले शून्य ठेवल्यावर अखंड नारळ पाट्यावर टेकलेला दिसतो, काहीच झालं नाही असा. कोडमध्ये २ मिलिसेकंद दिल्यावर शेंडीपासून खाली येणारी केसासारखी चीर. ८ मिलिसेकंदांना खरी मजा: करवंटीचे दोन काठ बोटभर दूर, मधून पाणी थेंबांनी नाही तर सलग पातळ पानासारखं बाहेर आलेलं, त्या पानाची कड जाडसर आणि तिथून थेंब सुटायला नुकतीच सुरुवात. काथ्याचे सुटे धागे चारी बाजूंना ताठ. १५ला सगळी उधळण झालेली असते, तो फोटो कोणत्याही नारळाचा वाटतो.

फ्लॅश पाण्याच्या मागून तिरपा ठेवा, समोरून नाही. मागच्या उजेडाशिवाय नारळपाणी दिसतच नाही. आणि फ्लॅशला झिपच्या पिशवीत घाला.

*

घणसोलीकर

नारळाचं वर्णन जबरदस्त! नंतर खोबऱ्याच्या वड्या झाल्या असतीलच.

*

कोपरीकर

झाल्या, आणि सोसायटीत वाटल्याही.

*

पामबीच

धागा चांगला आहे, पण एक शंका. आता मिररलेसमध्ये १/३२,०००चं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, लागोपाठ फोटो काढणारा बर्स्ट असतो, बटण दाबायच्या आधीचे फोटो साठवणारं प्री-कॅप्चर असतं. मग सोल्डरिंग, काळोख हा खटाटोप २०२०नंतर कशाला?

*

नौपाडेकर

प्रश्न रास्त आहे. १/३२,००० म्हणजे प्रत्येक ओळीला मिळणारा वेळ. पण साधा सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचायला साधारण १/२० ते १/६० सेकंद घेतो. वरची ओळ वाचली तेव्हा फुगा अखंड, खालची वाचेपर्यंत फुगा नाही, असा विचित्र फोटो येऊ शकतो. सेकंदाला २० फोटोंचा बर्स्ट धरला तर दोन फोटोंमध्ये ५० मिलिसेकंद जातात, आणि आपला सगळा खेळ पहिल्या १०मध्ये संपतो. ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळ्या ओळी एकदम टिपणारा, सोनी ए९ थ्री कॅमेरा २०२३ला जाहीर झाला, त्यात ओळींचा प्रश्न नाही, सेकंदाला १२० फोटो येतात. तरी दोन फोटोंत ८ मिलिसेकंद उरतातच, किंमत लाखांत, आणि १/२०,०००ला पुरेल इतका अखंड उजेड घरात आणायचा कुठून हा प्रश्न वेगळाच. १/६४वरचा एक फ्लॅश हे सगळं चार पेन्सिल सेलवर करतो. मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही, पण इथे साधी गोष्ट खरोखरच जास्त चांगली आहे.

*

सर्किटवेडा

या मुद्द्याशी सहमत. पण "डिले शून्य ठेवा आणि माइक सरकवा" याच्याशी पूर्ण सहमत नाही. अंतर दुप्पट केलं की माइकवर आवाजाचा दाब निम्मा होतो. मीटरभराच्या पुढे गेलात की प्रीसेट पुन्हा जुळवावा लागतो, तो नाजूक होतो, आणि मग कुकरची शिट्टीसुद्धा फ्लॅश उडवते. शिवाय मंद आवाज ठरलेली पातळी किंचित उशिरा ओलांडतो, म्हणजे तुमची टेप आणि खरा वेळ यांत फरक पडतो. मीटरच्या आत माइक सरकवा, त्यापुढे कोड.

*

नौपाडेकर

मीटरच्या पुढचं तुमचं म्हणणं मान्य, पाण्याच्या दीड मीटरच्या फोटोंना मलाही प्रीसेट फिरवावा लागतो. पण नवीन माणसाने पहिल्या दिवशी टेपच घ्यावी, यावर मी ठाम आहे. मेनूत ३ मिलिसेकंद टाकणाऱ्याला ३ मिलिसेकंद म्हणजे किती ते कळत नाही. हातभर अंतर सरकवणाऱ्याला कळतं.

*

मखमली_तलाव

गोपाळकाल्याला हंडी फुटतानाचा फोटो या यंत्राने निघेल का? ठाण्यात एवढ्या मोठ्या हंड्या होतात, कोणीतरी करायलाच हवं.

*

कोपरीकर

नाही हो. पहिलं म्हणजे काळोख नाही, चौफेर हॅलोजन. दुसरं, ढोल, डीजे आणि हजार माणसांचं ओरडणं, यातून मडकं फुटल्याचा आवाज माइकला वेगळा काढता येणार नाही. तिसरं, हंडीपासून तुम्ही २० मीटरवर असाल तर आवाज पोचायलाच ५७ मिलिसेकंद लागतील. तिथे १/२००० शटर आणि बर्स्टच बरा. हौस असेल तर घरी छोटं मडकं दोरीला बांधा, त्यात पाणी आणि थोडं दही, चकती मडक्यालाच चिकटवा.

*

कासारवडवली

पायझो चालला! पंखा फुल स्पीडला, बाहेर ट्रेलर, आणि फ्लॅश शांत. बांगडी फोडली, काचेची हिरवी. आता फुग्यात गुलाल भरायचा विचार आहे, जांभळी नाक्यावरून दोन्ही आणलंय. काही काळजी?

*

नौपाडेकर

अभिनंदन! गुलाल फुगवायच्या आधी नरसाळ्याने घाला, दोन-तीन चमचे बास. फुगा गच्च फुगवा. गच्च फुगा एकाच वेळी अनेक चिरांनी फाटून त्याच्या पट्ट्या होतात, ढगाचा आकार गोल राहतो. अर्धवट फुगवलेला एकाच चिरेने फाटतो आणि गुलाल एका बाजूला सांडतो. गुलालात पुष्कळदा स्टार्च असतो, हवेत उडालेली स्टार्चची पूड पेट घेते. तेव्हा खोलीत समई, उदबत्ती, गॅस, काहीही पेटतं नको. चष्मा, मास्क लावा. लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर ठेवा, लेन्सच्या रिंगमध्ये गेलेला गुलाल निघत नाही.

*

सीवूड्स

कालपासून फोटो यायला लागलेत. दोन प्रश्न. डीएसएलआरचं बटण दाबलं की फुग्याच्या आधीच फ्लॅश उडतो, हे कशामुळे? आणि प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तीन सेकंद "बिझी" दाखवतो.

*

नौपाडेकर

पहिलं, आरसा वर जाण्याचा खट्ट आवाज. तुमचा माइक कॅमेऱ्याजवळ आहे. माइक फुग्याच्या पलीकडे न्या, किंवा उनोला एक पुशबटण लावा, शटर उघडल्यावर ते दाबलं तरच बोर्ड ऐकायला लागेल. मी बटणच लावलंय. दुसरं, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू आहे. तीन सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढ्याच वेळाचा काळा फोटो काढतो. मेनूतून बंद करा. आणि फ्लॅशचा ऑटो स्लीपही बंद करा, नाहीतर फुगा धरून उभे राहाल आणि फ्लॅश झोपलेला असेल.

*

सीवूड्स

दोन्ही सुटलं, धन्यवाद. आता मित्राचा फ्लॅश आणलाय, दुसऱ्या बाजूने लावायचा आहे. त्यालाही ऑप्टो जोडू का?

*

नौपाडेकर

गरज नाही. त्यात ऑप्टिकल स्लेव्ह असेल तर एस१ वर ठेवा, तो पहिल्याचा लखलखाट बघून उडेल. यात जाणारा वेळ मायक्रोसेकंदांतला असतो, फोटोत दिसत नाही. एस२ नको. एस२ टीटीएलचा प्री-फ्लॅश (कॅमेरा आपोआप उजेड मोजायला आधी उडवतो तो) सोडून द्यायला असतो, म्हणजे पहिला लखलखाट तो मुद्दाम दुर्लक्षित करतो, आणि आपल्याकडे लखलखाट एकच आहे. दोन्ही फ्लॅश एकाच पॉवरला ठेवा. एक १/६४ आणि दुसरा १/८ केलात तर दुसरा जास्त वेळ पेटलेला राहतो आणि त्या बाजूची कड धूसर येते. उजेड कमी-जास्त हवा असेल तर फ्लॅश मागेपुढे करा, पॉवरला हात लावू नका.